दुसरं येतंय, पहिल्याला कुठे ठेवायचं?

निगडी-आकुर्डीपासून मोशीपर्यंत आणि भोसरीपासून चाकण-म्हाळुंग्यापर्यंत राहणारी, घरात दोन-अडीच वर्षांचं एक आणि पोटात दुसरं, अशी जी जोडपी असतील त्यांच्यासाठी ही कार्यपद्धती आहे. दोघंही नोकरी करतात हे गृहीत धरलं आहे. एकाच्या पगारात फ्लॅटचा हप्ता बसत नाही, हेही. ‘आमच्या वेळी चार-चार पोरं कशी वाढली ते कळलंसुद्धा नाही,’ असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी पुढे वाचू नये. त्यांना कळलं नाही, कारण ज्यांना कळत होतं त्या बायका तेव्हा चुलीपाशी होत्या.

या पट्ट्यातला माणूस नियोजनात कच्चा नाही. कंपनीत साध्या वॉशरलाही दोन व्हेंडर असतात. एकाचा माल अडकला तर दुसऱ्याचा टेम्पो तासाभरात गेटवर लागतो. घरी मात्र अख्खी लाईन एका आजीवर चालते, आणि ती लातूरला असते. तेव्हा पर्यायी व्हेंडर शोधणे हा या मार्गदर्शनाचा हेतू. त्यांना तोंडावर व्हेंडर म्हणू नये.

तारीख काढणे

डॉक्टर देतात ती तारीख अंदाजाची. खरी तारीख आजीच्या कॅलेंडरवर काढावी लागते. जूनमध्ये पेरणी. त्यातून मोकळ्या झाल्याच तर सासूबाई येतात, नाही असं नाही. देहू आणि आळंदी आपल्या उंबऱ्याशीच आहेत. पण त्या तुमच्याकडे येत नसतात, पालखीला येत असतात. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की आकुर्डीत मुक्कामाला टेकते, तुम्ही डबा घेऊन जाता, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई दिंडीबरोबर पंढरपूरच्या रस्त्याला. त्यानंतर गौरी-गणपती, ते गावच्या घरीच. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. दिवाळीला नणंद भाऊबीजेला येणार. मग तूर, मग हरभरा. मार्चमध्ये त्या मोकळ्या असतात, पण मार्चअखेरीस कंपनीत नवऱ्याला सुट्टी मागायची सोय नसते. मे महिन्यात नणंद पुन्हा येते, या वेळी पोरांसकट, माहेरपणाला. उरला एप्रिल. ज्यांना एप्रिल साधायचा आहे त्यांनी मागच्या जुलैतच निर्णय घ्यायला हवा होता. हे मार्गदर्शन त्यांच्या हाती पोचेपर्यंत उशीर झालेला असणार, त्याला इलाज नाही.

माहेरचा पर्यायही तपासून घ्यावा. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तेव्हा आता पाळी सासरची, असं माहेर धरून चालतं. मागच्या वेळी तिकडे सगळं नीट झालं, तेव्हा आताही तिकडेच, असं सासर. दोन्ही पक्ष हे अत्यंत प्रेमाने बोलतात.

यातूनच तिसरा प्रस्ताव निघतो: थोरल्याला सहा महिने गावी ठेवा. हा प्रस्ताव वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर फार सोपा वाटतो. पोर खिडकीतून टाटा करतं, आजीच्या मांडीवर पार्ले-जी खातं, रडतबिडत काही नाही. दीड महिन्याने व्हिडिओ कॉलवर ते दोन सेकंद तुमच्याकडे बघतं, फोन आजीच्या हातात देतं आणि शेळीच्या करडामागे पळतं. ज्यांना हे दोन सेकंद झेपतील त्यांनीच तिकीट काढावं.

काकूंचं पाळणाघर

सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा वन बीएचके, सेफ्टी डोअरला आतून साखळी, बाहेर इवल्या चपलांचा ढीग, आत टीव्हीवर सकाळी नऊपासून छोटा भीम. हे पट्ट्यातलं सर्वांत खात्रीचं प्रतिष्ठान. काकू पहिल्या भेटीत पगार विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. ‘शी-शू सांगतो का?’ एवढंच विचारतात. उत्तर ‘हो’ असंच द्यावं. खरं काय ते त्यांना दुपारपर्यंत कळतंच.

पाळणाघराचा मुख्य नियम म्हणजे नाक वाहत असेल तर चालतं, ताप असेल तर चालत नाही. म्हणून काही अनुभवी पालक घरात थर्मामीटरच ठेवत नाहीत. ज्याला आकडा माहीत नाही त्याला दारात खोटं बोलावं लागत नाही.

संध्याकाळचा प्रसंग मात्र प्रत्येकाने एकदा पाहून ठेवावा. वेळ सातची आहे आणि तुम्ही भोसरीच्या उड्डाणपुलाखाली साडेसातला उभे आहात. तिकडे बाकीची मुलं गेलेली. खिडकीत मार्करने नावं घातलेल्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती, त्यातली एकच उरलेली. तुमचं पोर पायात बूट, पाठीवर दप्तर अशा थाटात दाराशी पाटावर बसलेलं. काकूंनी कुकर लावलेला आहे. तुम्ही धापा टाकत पोचता, काकू ‘असू द्या हो’ म्हणतात, आणि महिनाअखेरीस वहीत ‘जादा वेळ’ अशी ओळ निघते. काकूंच्या जागी आपण असतो तर जास्त लावले असते.

दुसऱ्याची बातमी सासूबाईंच्या आधी काकूंना लागते. पोरं सांभाळणाऱ्या बाईला जिना चढणाऱ्या आईकडे एकदा पाहिलं की पुरे. मग त्या मूळ प्रश्नाला हात घालतात: ‘सुट्टीत याला पाठवणार, की घरी ठेवणार?’

इथे घाई करू नये, कारण दोन्ही उत्तरं चूक आहेत. घरी ठेवावं तर जागा जाते. बाहेर चार नावं थांबलेली असतात, आणि रजा संपल्यावर तुम्हाला एकाच्या जागी दोन जागा हव्या असतात. पाठवत राहावं तर रजेच्या अर्ध्या पगारात पूर्ण फी. रजा भरपगारी आहे हे खरं, पण ओव्हरटाइम आणि नाइट अलाउन्स गेला की भरपगार अर्धाच वाटतो. शिवाय घरी बाळंतिणीच्या शेकशेगडीला आलेली समस्त वडीलधारी मंडळी एका सुरात विचारतात, ‘आई घरात आणि पोर पाळणाघरात?’ विचारणाऱ्यांपैकी कोणीही त्या पोराला खाली बागेत घेऊन जात नाही. थोरल्यालाही आपलं मत असतं. त्याला कळतं ते इतकंच की नवीन आलेलं आईजवळ राहिलं आणि आपल्याला बूट घातले.

अर्धा दिवस पाठवणे हा आमचा शिफारस केलेला तोडगा. त्याने कोणाचंच समाधान होत नाही, म्हणजे तो न्याय्य आहे.

उलट्या शिफ्ट

ज्यांना काकू परवडत नाहीत ते नवरा-बायको उलट्या शिफ्ट मागून घेतात. तो फर्स्टला, ती सेकंडला. कागदावर हे निर्दोष दिसतं. पण फर्स्ट ज्या क्षणी सुटते त्याच क्षणी सेकंड भरते, आणि दोन्हीकडच्या कंपनीच्या बसला तासभर लागतो. या मधल्या दोन तासांचं मूल कोणाचं, याचं उत्तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. काही जोडपी ते के.एस.बी. चौकात सोडवतात. तिची बस थांबलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय. तो पळत येतो. पोर, किल्ली आणि डबा अशा क्रमाने हस्तांतरण, आणि तोंडी शिफ्ट रिपोर्ट: ‘दुपारी झोपला नाही, वरण खाल्लं, गुडघ्याला खरचटलंय, रडवू नको.’ सातव्या महिन्यानंतर हा व्यवहार बसच्या पायरीवरून करू नये.

सुट्टीचं गणितही लक्षात घ्यावं. विजेचा भार विभागण्यासाठी आठवड्याच्या सुट्ट्या वाटून दिल्या गेल्या, त्यामुळे पट्ट्यातले बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात. हिंजवडीला शनिवार-रविवार. पाळणाघर रविवारी बंद. एक चाकणला आणि एक हिंजवडीला असेल तर घरातल्या तिघांना एकत्र सुट्टी फक्त दिवाळीत मिळते, आणि तेव्हा नणंद आलेली असते.

कायदा

कायदा आपल्या बाजूचा आहे आणि तो वाचताना मन प्रसन्न होतं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, बारा आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो आकडा कायम ठेवला. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाला ५६ दिवस थोपवून धरलं होतं. तुम्हाला त्याच्या तिपटीहून जास्त मिळतात. मात्र फिरंगोजीला दर दोन तासांनी कोणी उठवून दूध मागत नव्हतं. दोन मुलं हयात असताना तिसरं झालं, तर रजा १२ आठवड्यांची. तिसरं आपोआप वाढतं असा कायद्याचा समज दिसतो.

रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं हवं. कायम नोकरीत हे सहज भरतं. ठेकेदाराच्या मस्टरवर असाल तर सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, आणि पोट दिसू लागण्याचा महिना व ब्रेकचा महिना एकच निघतो. हा योगायोग इतक्या ठिकाणी घडतो की त्याला आता पद्धत म्हणायला हरकत नाही.

त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आवश्यक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. त्याआधी १९४८चा कारखाने कायदा तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर पाळणाघर मागत होता. एकतिसाव्या बाईच्या अर्जाला उत्तर का लांबतं, ते हुशार वाचकाने ओळखावं. आता चार भेटींचा हिशेब करू. कारखाना म्हाळुंग्यात, आणि सोय म्हणून ठरवलेलं पाळणाघर मोशीत. चार भेटी म्हणजे चार वेळा जाणं आणि चार वेळा येणं, म्हणजे चाकणचा तळेगाव चौक आठ वेळा. कंटेनरची रांग लागलेली असताना हा चौक एकदा ओलांडणाऱ्याला रजा द्यावी अशी परिस्थिती आहे. निघोज्यातून आतला रस्ता आहे, पण तो आता सगळ्यांनाच माहीत झाला आहे. पहिल्या भेटीला निघालेली आई चौथ्या भेटीच्या वेळेला पोचेल, आणि चारही भेटी एकदम उरकून घेईल.

सरकारी मदतही लिहून ठेवावी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र असाल तर पहिल्या खेपेला ५,००० रुपये. दुसऱ्या खेपेला ६,०००, पण मुलगी झाली तरच. मुलगी की मुलगा हे आधी पाहायला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. तेव्हा जमाखर्चाच्या रकान्यात ‘सहा हजार किंवा शून्य’ असं लिहावं.

इतर पर्याय, थोडक्यात

वाकड-पुनावळ्याची काचेची डे-केअर: सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो. मीटिंगमध्ये बघू नये. पोर हमखास त्याच क्षणी कोपऱ्यात एकटं उभं असतं.

अंगणवाडी: १९७५ साली सुरू झाली, आता देशभर आहे, ताई बहुतेक ठिकाणी जीव लावतात, पण तिची वेळ काही तासांची. ती ज्या आईसाठी आखली ती दुपारी घरी असते.

एक जुना नमुना मात्र कोणीच का उचलत नाही कळत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मोठी मुलं शाळेत येईनात; घरी धाकटी सांभाळायची असत. मग ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मोठ्याने धाकट्याला कडेवर घेऊनच यावं. आज आपली प्रगती अशी की थोरल्याची नर्सरी पिंपळे सौदागरला आणि धाकट्याचं डे-केअर रावेतला.

वडील: केंद्र सरकारी नोकराला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यातल्या बापाबद्दल कायदा गप्प आहे. त्याच्याकडे गुरुवार असतो. गुरुवारी त्याने लंगोट धुवावेत. पिंपरी-चिंचवडला २०१९पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे त्याचा गुरुवार आणि नळाचा दिवस एकाआड एकच आठवडा जुळतो, हे त्याने आधीच हेरून ठेवलेलं असतं.

प्रत्यक्ष रात्र

कळा रात्रीच येतात, आणि सासूबाईंचं रिझर्व्हेशन पुढच्या आठवड्यातलं असतं. थोरला समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींकडे जातो. या वहिनींचा आतापर्यंतच्या कुठल्याही योजनेत उल्लेख नव्हता, त्यांना कोणी विचारलेलंही नव्हतं. त्या गाऊनवर ओढणी घेऊन दार उघडतात आणि पोराला खांद्यावर टाकतात. त्यांच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवावी. ‘बू’ म्हणजे पाणी, ‘बूबू’ म्हणजे दूध, यात गल्लत झाल्यास तो दोन्ही सांडतो. उठून बसला तर मारुतीची गोष्ट सांगावी, शेपटीला आग लागते तिथे थांबू नये. झोपेत त्याला हत्तीची निळी दुलई लागते, दुसरी चालत नाही. ती धुवायला टाकलेली निघाली तर आमच्याकडे उपाय नाही. पाणी उद्या येणार.