मयत रॅम्बोचे चार पराक्रम

‘मूळ लेखकाच्या कल्पनेचा पूर्ण मान राखून’ असं एखादा हॉलिवूडचा निर्माता म्हणाला, की लेखकाने आधी आपल्या कथेचा शेवट शाबूत आहे ना, ते पाहून घ्यावं. बहुधा नसतो.

डेव्हिड मॉरेल यांचंच घ्या. १९७२ साली त्यांची ‘फर्स्ट ब्लड’ ही कादंबरी आली. व्हिएतनामहून परतलेला रॅम्बो नावाचा एक भणंग सैनिक केंटकीतल्या एका गावात शिरतो, पोलीसप्रमुख त्याला हुसकून लावतो आणि बघता बघता परदेशातली लढाई अमेरिकेच्या अंगणात सुरू होते. पोलीसप्रमुखही कोरियात लढलेला. मॉरेल दोघांचीही बाजू सारख्याच आस्थेने मांडतात आणि शेवटी दोघांनाही मारतात. रॅम्बोला गोळी घालतो तो फौजी अधिकारी ट्राउटमन, म्हणजे त्याला मारायला शिकवणारी फौजच. कादंबरीचा सगळा जीव या मरणात आहे.

१९८२ साली सिनेमा आला. रॅम्बोचं मरण चित्रितही झालं होतं, पण चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही. मग तो जगला. आपल्याकडे पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. रॅम्बोचा दाखला प्रेक्षकांनी परस्पर देऊन टाकला आणि निर्माते तो १९८५, १९८८, २००८ आणि २०१९ साली इमानेइतबारे वटवत राहिले.

या सगळ्या प्रकरणात पुस्तकाशी प्रामाणिक राहिलेला एकच गृहस्थ दिसतो, कर्क डग्लस. ट्राउटमनच्या भूमिकेसाठी तो ठरला होता. पुस्तकाप्रमाणे रॅम्बो मेलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. शेवटी रॅम्बो वाचला आणि डग्लस सिनेमातून गेला. मूळ कल्पनेचा आदर करणाऱ्याची सोय चित्रपटसृष्टी कशी लावते, याचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही.

बरं, पहिला सिनेमा चांगलाच आहे. कादंबरीतला रॅम्बो माणसं टिपत सुटतो. सिनेमात त्याच्यापायी एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. शेवटी रॅम्बो हुंदके देत बोलतो, तेव्हा रॅम्बो झालेल्या स्टॅलोनला अभिनय येतो हेही कळतं. ही कसर दुसऱ्या भागाने भरून काढली. युद्धाने मोडलेला माणूस तेच युद्ध जिंकायला उघड्या अंगाने व्हिएतनामला परत गेला. १९८५ साली बैरूतमधले अमेरिकी ओलीस सुटले, तेव्हा रॅम्बो पाहिल्याने पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं, असा विनोद खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी केला. पुढच्याच वर्षी मुलांसाठी रॅम्बोची कार्टून मालिका निघाली, खेळणी निघाली. युद्ध माणसाचं काय करतं, हे सांगायला लिहिलेलं पात्र पोरांच्या खेळण्यांच्या टोपलीत जाऊन पडलं. १९८८ साली तो अफगाण मुजाहिदीनांच्या मदतीला धावला. त्याबद्दल अमेरिकेला पुढे काय वाटलं, हे विचारून कुणाला अवघडवू नये.

आणि लेखक? लेखकाने दुसऱ्या-तिसऱ्या सिनेमांवरून स्वतः कादंबऱ्या लिहिल्या! आपल्या पुस्तकात रॅम्बो मेला होता, सिनेमात तो जिवंत आहे, असा खुलासा वर छापून. आपण मारलेल्या माणसाचं पुढचं चरित्र आपणच लिहायचं आणि मानधनही घ्यायचं, हा योग थोड्याच लेखकांच्या कुंडलीत असतो. यात मॉरेल यांना हसावं, असं मला वाटत नाही. घर चालवायचं तर मेलेल्या नायकापेक्षा जिवंत नायक केव्हाही बरा. २००८ चा बर्मातला कडवट रॅम्बो त्यांना आवडलाही होता. २०१९ चा ‘लास्ट ब्लड’ पाहून मात्र, या सिनेमाशी आपलं नाव जोडलं गेल्याची लाज वाटते, असं त्यांनी उघड सांगितलं. ४७ वर्षांनी का होईना, लेखकाच्या कल्पनेला मान मिळाला नाही, हे लेखकाच्याही लक्षात आलं.

आता रॅम्बोच्या तरुणपणाचा सिनेमा घाटतो आहे. मला त्याच्याकडून फार आशा आहेत. त्या वयात रॅम्बो जिवंत होता, हे पुस्तकालाही मान्य आहे.