काठाचा रंग

आंबोलीत रंगकाम काढायचं तर आधी पावसाची सवड बघावी लागते. समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवरच्या या गावात वर्षाला ७०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जूनमध्ये आलेला हा पाहुणा दसरा झाला तरी पाय काढायचं नाव घेत नाही. तो गेला की धुकं. सकाळी अकराच्या आधी पत्र्यावर हात फिरवला तर हात ओला, चारनंतर पुन्हा तेच. मधल्या वेळात ऑइलपेंट मारायचा आणि तो वाळायचाही.

शेजारच्या अण्णांकडे जुनी मॅटाडोर आहे, बजाज टेम्पोची. मागे दोन बाकं, स्टोव्ह, पडदे. वेंगुर्ल्यापासून बेळगावपर्यंत कुठेही मुक्काम ठोकता यावा म्हणून करून घेतलेली. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा अण्णांनी ती बातमी कापून डॅशबोर्डवर चिकटवली. धोरणाला गंज धरत नाही. मॅटाडोरला धरतो.

"अख्खी गाडी नाही, फक्त काठ रंगवायचे," अण्णांनी जाहीर केलं. म्हणजे खिडक्यांच्या पट्ट्या, दरवाज्यांच्या कडा, टपाखालची पन्हळ आणि चाकांवरच्या कमानी. काकूंना ते पटलं. अंग विटलं तरी काठ शाबूत असला की साडी नेसवते, हे त्यांचं जुनं मत.

सावंतवाडीहून आलेल्या पेंटरला मात्र हे किरकोळ काम वाटेना. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक पन्हळीला लावलं. वरून तुकतुकीत दिसणारा पोपडा अलगद उठला आणि खालून लालसर भुगा अण्णांच्या चपलेवर सांडला. पाणी पत्र्याच्या मधोमध कशाला थांबेल? ते दोन पत्रे जुळतात तिथे, रबराखाली, स्क्रूच्या भोकात दडून बसतं. थोडक्यात भागेल म्हणून अण्णांनी नेमका तोच भाग निवडला होता.

"रंग कोणय मारीत," पेंटर म्हणाला. "घासतलो कोण?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावरच्या माकडांकडे.

शेवटी पॉलिश पेपर हाती आलाच. खिडकीची पट्टी ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी. या दोन धातूंची गाठ ओलीत पडली की ॲल्युमिनियम झिजतं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं जमलं होतं. स्क्रू काढताना काहींची डोकीच तुटून हातात आली. घासून झाल्यावर लोखंडाला रेडऑक्साइड, पण तो ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही, म्हणून तिथे वेगळा प्रायमर. "एका गाडीला दोन-दोन?" अण्णांचा जीव वरखाली झाला.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, तो खोडकर पोरगा, हातात रंग ठिबकणारा ब्रश. आंबोलीत त्याची नोकरी अवघड झाली असती. इथे रंगाआधी आभाळ ठिबकतं. त्या दिवशीही पहिला हात मारून होतो न होतो तोच ढग रस्त्यावर उतरला आणि ओल्या रंगाची चकाकी जाऊन त्यावर दुधट साय आली. पेंटर शांतपणे बिडी ओढत बसला. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्यानं सगळं पुन्हा हलकं घासलं आणि दुसरा हात मारला.

"किती वर्षं टिकेल?" अण्णांनी विचारलं.

"पावसाक इचारा."

काठ झकास झाले. गर्द निळे, सरळ रेघेत, टेप काढल्यावर कुठे ओघळ नाही. आणि त्यांच्यामुळेच मधलं पांढरं अंग किती पिवळट पडलंय, ते पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं. काकू पदर खोचून बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या. अण्णा घाईघाईनं चहाचं बघायला आत गेले. पेंटर मात्र मॅटाडोरला एक सावकाश फेरी मारून आला, मनातल्या मनात डबे मोजत.