खरं, जरा काम हाय

आमच्या गल्लीतल्या आबांना गाडी विकायची आहे. कधीपासून म्हणाल, तर त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरायच्या आधीपासून; आणि त्या लेकीची पोरगी आता सातवीत आहे. काकी म्हणतात, "पोरगी एका बैठकीत दिली ह्यांनी. मोटारीच्या बैठका अजून चालल्यात."

मोटार म्हणजे १९५१ची शेवरलेट. पुढची काच दोन तुकड्यांची, मधे दांडी. गिअर स्टेअरिंगच्या बगलेला, आणि मागची सीट एवढी ऐसपैस की चार माणसं बसून वर एकाच्या मांडीवर जेवणाचा डबा उघडता यावा. आबांच्या वडलांनी ती शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याकडून घेतली. आता ती परड्यात, पूर्वी जिथं म्हशी असायच्या तिथं उभी असते. जागा एकच होती. म्हशी हलवता आल्या.

वर पांघरूण म्हणून निवडणुकीचा फ्लेक्स. त्यामुळं पाच वर्षं झाली, एक पडलेले उमेदवार बॉनेटवरून हात जोडून आमच्याकडं बघून हसतात.

दर वर्षी उसाच्या बिलाचा हप्ता लांबला की काकी तोंड उघडतात आणि आबा मला हाक मारतात. "जाहिरात लिहून दे रे." मी लिहितो: 'विकणे आहे. शेवरलेट, १९५१ मॉडेल. इंजिनाचे थोडे काम आवश्यक.' आबा चष्मा कपाळावर चढवून कागद लांब धरतात.

"थोडे काढ. थोडे म्हटलं की माणूस भाव पाडतोय."

काढतो.

"आता नुसतं काम आवश्यक? जणू जीवच सोडलाय गाडीनं. थोडे घाल परत."

घालतो. मग 'फालतू चौकशी करू नये' येतं, 'दलालांनी येऊ नये' येतं, आणि शेवटी मी फोन नंबर लिहायला लागलो की आबा पेनच धरतात. "नंबर कशाला? ज्याला घ्यायची हाय तो हुडकत येईल."

आश्चर्य म्हणजे लोक हुडकत येतात. परगावच्या माणसाची पहिली पंचाईत भाषेची. आमच्या कोल्हापुरात 'पण'ला 'खरं' म्हणतात. आबा सांगतात, "गाडी एक नंबर हाय, खरं जरा काम हाय." पुण्याचे एक गृहस्थ हे ऐकून गहिवरले होते. म्हणाले, "आजकाल इतकं खरं सांगणारा विक्रेता मिळत नाही हो."

काम किती, हे आबांच्या 'नुसतं' या शब्दावरून मोजायचं. नुसता कार्ब्युरेटर साफ केला की झालं. नुसतं रेडिएटरला झाळ दिलं की झालं. नुसते ब्रेक धरले की झालं. एकदा मी बोटं मोजत बसलो, तर नऊ 'नुसते' झाले आणि आबा अजून बॉनेटखालीच होते. दहावा मोठा होता. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला हल्लीसारख्या बदलता येणाऱ्या पट्ट्या नसतात, व्हाइट मेटल ओतून बेअरिंग तयार करावं लागतं. "ओतायला काय लागतंय?" आबा म्हणाले. "उद्यमनगर हाय की. तिथं काय ओतत न्हाईत?" उद्यमनगरात खरोखर काहीही ओतून मिळतं. तिथले मेस्त्री तीन वेळा येऊन माप घेऊन गेले. तिन्ही वेळा आबांनी त्यांना चहा पाजला, आणि इंजिन खोलायचा विषय निघाला की पाऊस येणार असल्याचं सांगितलं. त्यातली एक वेळ मार्चमधली होती.

रविवारचा सोहळा मात्र चुकत नाही. उमेदवारांची घडी होते. सहा व्होल्टची बॅटरी देवघराच्या बाजूच्या चार्जिंगवरून सुटते. काकींची पळी गुपचूप येते, तीतून कार्ब्युरेटरमध्ये दोन घोट पेट्रोल जातं. आबा डोळे मिटून पुटपुटतात, "एक-पाच-तीन-सहा-दोन-चार." सहा सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात तो हा क्रम. नातवाला हा पाढा दोनच्या पाढ्याआधी पाठ झाला, आणि शाळेत बाईंनी सहापर्यंत आकडे म्हणायला सांगितल्यावर त्यानं तो त्याच क्रमानं म्हटला. मग सेल्फ. गाडी आधी खाकरते, मग शिंकते, मग आख्खी गल्ली धुरात जाते आणि चार मिनिटं, अगदी खरं सांगायचं तर फार गोड, दबका असा आवाज येत राहतो. आबा बंद करतात. "बघितलंस? काय बी झालेलं न्हाई."

गिऱ्हाइकाला ते आधी इतिहास देतात. ही गाडी अमेरिकेची, खरं जुळवली मुंबईत. जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता, १९२८ला सुरू झाला. सुटे भाग खोक्यांतून बोटीनं यायचे आणि इथं गाडी उभी राहायची. १९५४मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. "ते गेले," आबा म्हणतात, "आम्ही अजून चालवतोय." 'चालवतोय' या क्रियापदावर कुणी बोट ठेवत नाही.

दोष ते लपवत नाहीत. उलट दोष दाखवताना त्यांचा चेहरा असा खुलतो की घेणाऱ्याला वाटावं, याचेच वेगळे पैसे आहेत. वायपर बघा. तो विजेवर नाही, इंजिन जी हवा ओढतं तिच्या ओढीवर चालतो. ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते आणि वायपर मरतो. लहानपणी आंबा घाटात भर पावसात मी मागच्या सीटवर होतो. चढाला आबा पाय दाबायचे, तेव्हा गाडी पुढं जायची आणि समोरचं काही दिसायचं नाही. पाय सोडला की काच लख्ख, आणि गाडी जागेवर. एकदा बघून घ्यायचं, मग आठवणीवर जायचं, असा तो घाट आम्ही चढलो. काकी पुढं बसून जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणत होत्या. आबा आजही सांगतात, "असला वायपर आता मिळत न्हाई."

दोषांतला बोचरा भाग पेट्रोलचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यात टिकत नाही. शेवरलेटच्या फ्युएल पंपात रबराचा एक पडदा असतो, तो फुगला. उन्हाळ्यात पंप तापला की त्यावर ओलं फडकं टाकायचं, हा आबांचा जुना उपाय होता. या दुखण्यावर फडकं चालेना. इथेनॉल उसापासून होतं, आणि आबांचा चार एकर ऊस दर हंगामात कारखान्याला जातो. "माझाच ऊस," ते फडकं पिळत म्हणाले, "माझ्याच पंपात येऊन बसलाय."

गिऱ्हाइकं पडतात ती मात्र आबांच्या परीक्षेत. एक लग्नाला भाड्यानं गाड्या देणारा आला. त्यानं टपावर झेंडूच्या माळा कुठं बांधायच्या ते बघितलं, संपला. एक पोरगा आला, त्याला यात डिझेल इंजिन टाकायचं होतं. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. मुंबईचा एक शौकीन खरा जाणकार होता. त्यानं वाकून चासी नंबर वाचला, बोल्ट चार सुताचा आहे हे नुसत्या बोटानं ओळखलं, आणि भाव विचारला.

"तुम्हीच सांगा."

त्यानं सांगितला. चांगला सांगितला. आबा गप्प झाले. तो गेल्यावर मला म्हणाले, "एवढं कोण देतंय का? कायतरी काळंबेरं हाय."

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदायचा नियम २०२१मध्ये आला, तो आबांनी पेपरातून कापून ठेवलाय. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं मुदत, इंजिन-बॉडीत मोठे फेरफार केलेले नसावेत, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. "फेरफार? आपण तर कशालाच हात लावलेला न्हाई," ते म्हणाले. "आणि रोज काढायची न्हाई म्हणजे नियम आपल्यालाच बघून केलाय."

परवा पुन्हा बिल लांबलं. जाहिरातीसाठी आरसी बुक हवं म्हणून आबांनी मला कपाट उघडायला सांगितलं. सातबाऱ्यांच्या पुडक्यामागं एक खोकं होतं, वर अमेरिकेचे स्टॅम्प. डेट्रॉइटजवळ असलेल्या भाच्यानं पाठवलेला फ्युएल पंपाचा संच. इथेनॉलला दाद न देणारं नवं रबर, गॅस्केट, स्प्रिंग, सगळं. तारीख दोन वर्षांपूर्वीची. चिकटपट्टीला नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

"आबा, हे तर आलंय. बसवलं का नाही?"

आबांनी खोकं माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं, फुंकर मारून धूळ उडवली.

"रबर हाय त्यात. आल्या आल्या बसवून चालत न्हाई. जरा मुरावं लागतंय."

"लोणचं हाय का ते?" स्वयंपाकघरातून काकी.

आबांनी खोकं होतं तिथं, पुडक्याच्या मागं सरकवलं आणि कपाटाला किल्ली लावली. "तू लिही रे," म्हणाले. "थोडे लिहिलंस का?"