बिघडलेला कूलर दुरुस्त करून घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शन चांदूर रेल्वे आणि आसपासच्या खेड्यांतील ग्राहकांसाठी आहे. इतरांनी आपापल्या हवामानाप्रमाणे त्यात फेरफार करावेत. सुरुवात करण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. मृग लागायला पंधराच दिवस उरले असतील तर कष्ट घेऊ नयेत. कूलरच्या तक्रारीचा निकाल पाऊस परस्पर लावून टाकतो आणि कंपनीच्या दप्तरी 'ग्राहकाचे समाधान झाले' अशी नोंद होते.

साहित्य: बिघडलेला कूलर एक (कंपनीचा, प्लास्टिकचा, रिमोटवाला), त्याचे पक्के बिल, शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड, चार्ज केलेला मोबाइल आणि घरातली पंच्याहत्तरी ओलांडलेली एक व्यक्ती. शेवटचा जिन्नस वगळू नये. आमच्या घरी आबाजी आहेत, वय ८१. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, त्यामुळे अमरावतीच्या फेऱ्यांचा खर्च शून्य. त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे आणि त्यांना ऐकू कमी येते. तक्रारदाराला याहून जास्त काय लागते? आबाजी नसतील तर घरातल्या बाईमाणसाला पाठवावे, त्यांना २०२३ पासून अर्धे तिकीट पडते. धडधाकट पुरुषाने पूर्ण तिकीट काढून तीसेक किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला जाणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

बिल खरेदीच्या दिवशीच मिळवावे. दुकानदार प्रेमाने विचारतो, "पक्कं बिल पाह्यजे का भाऊ, का असंच लावू?" इथे 'असंच' हा शब्द ऐकून ज्याचा चेहरा खुलतो, त्याने पुढचे मार्गदर्शन वाचू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने (लागू २० जुलै २०२० पासून) बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल मिळाल्यावर ते कुठे ठेवायचे हा त्याहून अवघड प्रश्न. ते चकचकीत, गुळगुळीत कागदावर छापलेले असते. आमचे बिल मी स्कूटीच्या डिक्कीत ठेवले. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटीच्या डिक्कीत पापड भाजता येतो. आठ दिवसांनी काढले तर कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाभोर. उजेडात तिरका धरला की दुकानाच्या नावातले एक अक्षर आणि 'धन्यवाद, पुन्हा या' एवढेच दिसे. सुदैवाने बायकोने घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढला होता. कूलरचा नाही, बिलाचा. कूलरसोबत फोटो मी काढला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुकानात महाराजांच्या फोटोखाली 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते. जागा अशी निवडलेली की वर अपील करायची सोय राहू नये. तरी कायदा म्हणतो, सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. आमच्या कूलरचा पंप छत्तिसाव्या दिवशी बंद पडला. वस्तूंना मोजता येते.

आता वॉरंटी कार्ड. ते चष्मा लावून, दिवसाउजेडी वाचावे. आमच्या कार्डावर पुढे मोठ्या अक्षरांत एक वर्ष आणि मागे बारीक अक्षरांत 'पंप, ताट्या, प्लास्टिकचे भाग व रिमोट वगळून' असे होते. कूलरमधून पंप, ताट्या, प्लास्टिक आणि रिमोट वजा केले की उरते ती हवा. तिची वॉरंटी पूर्ण वर्षाची होती. तरी घाबरू नये. आमच्या गावाच्या नावात रेल्वे आहे म्हणून सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून फलाटावर उभे राहून शिकलेलो आहोत. नावात वॉरंटी असलेल्या कागदाकडून जास्त अपेक्षा चांदूरकराने ठेवूच नये. कायद्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्या कार्डापेक्षा बरीच रुंद आहे: दर्जात, प्रमाणात, क्षमतेत कुठलीही खोट म्हणजे दोष. छत्तीस दिवसांत पाणी चढवायचे थांबलेला पंप तिच्यात आरामात मावतो.

यानंतर कंपनीला फोन लावावा. संगीत ऐकत स्वयंपाक, आंघोळ, कपड्यांच्या घड्या उरकून घ्याव्यात. पलीकडून माणसाचा आवाज आला की गावाचे नाव सांगावे, आणि इथे फार जपावे. आमचे संभाषण असे झाले:

"सर, गाव?"

"चांदूर रेल्वे."

"रेल्वे हे लँडमार्क आहे का सर?"

"नाही, आडनाव आहे."

जिल्ह्यात आणखी एक चांदूर आहे, चांदूर बाजार, अमरावतीच्या पार पलीकडे उत्तरेला. त्याचा पिनकोड ४४४७०४, आमचा ४४४९०४. एका आकड्याच्या या फरकाने आजवर किती लग्नपत्रिका, चेकबुके आणि औषधे चुकीच्या चांदुरात गेली असतील याचा हिशेब पोस्टालाच ठाऊक. पिन तीनदा वाचून घ्यावा, तीनदा वदवून घ्यावा आणि तरी तक्रार क्रमांक आला की तो कोणत्या चांदुराचा आहे हे पाहावे.

पाचव्या दिवशी टेक्निशियन येतो. आमच्याकडे आला तो बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, तोंडाला दुपट्टा बांधून अमरावतीहून मोटारसायकलवर. कोपऱ्यातल्या माठातले दोन गडवे पाणी त्याने उभ्या उभ्या पोटात घातले, मग कूलरची मागची ताटी काढली, पंपाला बोट लावले, चार फोटो काढले आणि म्हणाला, "पंप गेला काकाजी. पार्ट मागवा लागते. ओटीपी सांगा."

ओटीपीचा हा प्रसंग सर्व मार्गदर्शनाचा गाभा आहे. वाचकाने इथे बसून घ्यावे. ओटीपी म्हणजे चार आकडे. ते आपल्या मोबाइलवर येतात, आणि आपण ते उच्चारताच तक्रार 'सोडवली' म्हणून बंद होते, पंप फिरो न फिरो. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्याकडून हवी असलेली जगातली ही एकमेव चीज. पैसे तर तिने आधीच घेतलेले असतात.

"पंप तर बसला नाई," मी म्हणालो.

"आज क्लोज करून टाकू नं, पार्ट आला की नवी कंप्लेंट टाकू. माहे वरचे सायेब मांगून राह्यले."

आबाजी खाटेवरून उठले. "काय मांगून राह्यला थो?"

"ओटीपी, आबाजी."

"कोन ओपी?"

"ओटीपी. नंबर."

"देऊ नोको," आबाजी म्हणाले, आणि परत आडवे झाले. त्यांना बँकेच्या फसवणुकीबद्दल कोणीतरी सांगितले होते. कारण चुकीचे, सल्ला अचूक.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहायला हवी. त्या पोराला पगार नव्हता. जितक्या तक्रारी बंद तितके पैसे. माझ्या चार आकड्यांवाचून त्याची त्या दिवशीची मोटारसायकल फुकट गेली, आणि कंपनीच्या मोठ्या साहेबाला त्याची झळही लागली नाही. म्हणून शास्त्रोक्त पद्धत अशी: ओटीपी देऊ नये, चहा द्यावा, आणि त्याच्या कागदावर 'पंप सदोष, भाग उपलब्ध नाही, काम अपूर्ण' असे लिहून सही घ्यावी व द्यावी. तो कागद पुढे लाखमोलाचा ठरतो. त्याचाही फोटो काढावा. डिक्कीत ठेवू नये.

दरम्यान घरात पंचेचाळीस अंश तापमान असते. अशा वेळी वाचकाने गच्चीवर जावे. तिथे जुना पत्र्याचा कूलर पडलेला असतो, ज्याला लाजून आपण नवा घेतला. तो उतरवून वाइंडिंगवाल्याकडे न्यावा. ज्या मुलखात शेताची मोटार रात्रीच्या लाइनीवर चालते आणि दर हंगामात जळते, त्या मुलखात वाइंडिंगचे दुकान दवाखान्याइतकेच निकडीचे. आमच्याकडल्याने जुना कूलर दुकानात घेऊ न देता रस्त्यावरच उघडला. पंख्याची मोटार खोलली, काळी पडलेली तार नाकाजवळ नेऊन हुंगली, "कॉइल जयली" म्हणाला. तांब्याची जुनी गुंडाळी छिन्नीने कापून काढली, वेढे मोजले, खडूने शटरवर आकडा लिहिला, तेवढेच वेढे नव्या तारेचे घातले, वरून वार्निश ओतले आणि मोटार उन्हात वाळत घातली. ऊन फुकट होते. संध्याकाळी कूलर घरी चालू. त्याने मॉडेल नंबर विचारला नाही, पिनकोड विचारला नाही, तारांकित गुण मागितले नाहीत.

मी त्याला नव्या कूलरचा पंपही दाखवला. त्याने तो उलटापालटा केला. कुठेच स्क्रू नव्हता. प्लास्टिक चिकटवून बंद. "हे उघडाले बनवलंच नाई भाऊ," तो म्हणाला, "हे फेकाले बनवलं हाय." शिवाय एका सांध्यावर चिकटपट्टी होती: काढल्यास वॉरंटी रद्द. अमेरिकेत २०१८ साली तिथल्या व्यापार आयोगाने अशाच अटींवरून सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे धाडली होती. आपल्याकडे त्या चिकटपट्टीला अजून तरी पुजारी म्हणून वागवतात. तिला विचारल्याशिवाय गाभाऱ्यात जाता येत नाही.

आपल्या सरकारने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २०२२ च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती बसली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झाले. शेतीची यंत्रे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने असे चार विभाग त्यात आहेत. कंपन्यांनी तिथे माहिती टाकावी आणि ग्राहकाने ती वाचावी, अशी कल्पना. हक्काचा स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी गुण छापलेले असतात, ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी ते सांगणारे. आमच्या पंपाला चिकटपट्टीच्या स्वच्छतेचा अर्धा गुण मिळाला असता. आणि सुटे भाग बाजारात न विकण्याची खोड फक्त कूलरवाल्यांची आहे असेही नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. मग अपिले झाली. अपिलांना मृगाची घाई नसते.

मूळ कृतीकडे वळू. पंधरा दिवस झाले तरी भाग आला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. सोबत कंपनी आणि दुकानदार दोघांनाही पोस्टाने नोटीस पाठवावी, पावती जपून ठेवावी. वकील लागत नाही. आमची नोटीस आबाजींनी स्वतः लिहिली. पहिली दोन पाने १९७२ च्या दुष्काळावर होती, ती बायकोने गाळली. उरलेल्या अर्ध्या पानात तारीख, किंमत, दोष, टेक्निशियनचा कागद आणि मागणी एवढे होते, आणि तेवढेच पुरते. मागणी बेताची असावी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात सांगितले की वॉरंटीत भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. पंपासाठी नवा कूलर मागू नये. आबाजींनी फ्रिज मागितला होता, तो खोडला.

नोटिशीने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असो की चेन्नईत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीला दाखल होते, ऑनलाइनही होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कायद्याच्या पुस्तकात निकालाला तीन महिने आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिने दिलेले आहेत. हे आकडे पुस्तकातले आहेत. आयोगाच्या बाकावर बसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवू नयेत. आदेश मोडणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ते वाक्य नोटिशीत शेवटी घालावे. आबाजींनी ते लाल शाईने लिहिले.

लाल शाईचा परिणाम की हेल्पलाइनचा, सांगता येत नाही, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंप निघाल्याचा मेसेज आला. तीन दिवस तो चांदूर बाजारात राहिला. मग आमच्याकडे आला, सोबत तोच पोरगा, या वेळी रेनकोटमध्ये. बाहेर धो धो पाऊस, अंगणात चिखल, आबाजी गोधडी पांघरून खाटेवर. पोराने पंप बसवला, टाकीत दोन बादल्या पाणी ओतले, बटण दाबले. पाणी सळसळत ताट्यांवर चढले आणि सगळ्या घरात असे गार वारे सुटले की बायको स्वेटर शोधायला गेली.

"चालू झाला, आबाजी," पोरगा हसून म्हणाला. "आता तरी ओटीपी द्या."

"मे महिन्यात ये," आबाजी म्हणाले. "उन्हाळ्यात चालला त देतो."

"आबाजी, वॉरंटी त एप्रिलमंदीच संपते."

आबाजींनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "कायद्यानं मले दोन वर्सं देल्ली हायेत बाप्पा. चहा घे. बंद कर थो कूलर."