अंदाजपत्रकी गृहस्थ

ठाणे, डोंबिवली, पुणे या पट्ट्यातील पगारदार मध्यमवर्गात विपुल आढळणारा अंदाजपत्रकी गृहस्थ आणि जुन्या वळणाचा जमाखर्ची गृहस्थ या दोहोंत अभ्यासकाने गल्लत करू नये. जमाखर्ची गृहस्थ पैसा गेल्यानंतर त्याची रोजच्या रोज नोंद, म्हणजे रोजकीर्द, ठेवतो आणि महिनाअखेरीस त्या नोंदी खातेवार उतरवून, म्हणजे खतावणी करून, हळहळतो. अंदाजपत्रकी गृहस्थ मात्र पैसा हाती येण्यापूर्वीच तो कोठे जाणार हे ठरवून टाकतो आणि हळहळ आगाऊच उरकून घेतो.

घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, दूध, शाळेची फी ही त्याची ठळक शीर्षे होत. परंतु त्याचा खरा स्वभाव कळतो तो ‘किरकोळ’ या शेवटच्या शीर्षावरून. स्टेशनबाहेर उभ्याने खाल्लेला वडापाव, भाच्याच्या हातावर ठेवलेली नोट, मित्राला दिलेले आणि परत न येणारे हातउसने, अशा ज्या खर्चांचा खुलासा घरात करणे अवघड असते, ते सारे येथे सुखाने नांदतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने या शीर्षावर मोठाच घाला घातला, कारण रोखीच्या काळात अनाम राहणारा वडापाव आता विक्रेत्याच्या नावानिशी आणि वेळेसकट मोबाईलवर नोंदला जातो, आणि मोबाईल तर घरात सगळ्यांच्याच हाती पडतो.

मंजूर रक्कम अपुरी पडल्यास सरकारला विधिमंडळापुढे पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात, अशी तरतूद राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदात आहे. घरात ही मागणी साधारण अठरा तारखेच्या सुमारास, “अहो, तेल संपत आलंय,” अशा शब्दांत, आकडा न सांगता मांडली जाते. त्यावर गृहस्थ एका शीर्षातील रक्कम दुसऱ्याकडे वळवण्याचा, म्हणजे पुनर्विनियोजनाचा, मार्ग अवलंबतो. विजेच्या बिलात बचत करून ती तेलाकडे वळवता यावी म्हणून तो पंखे बंद करत हिंडतो, आणि त्या खोलीत माणसे बसलेली असली तरी त्याच्या तत्त्वात फरक पडत नाही. एवढ्याने तेल येत नाही हे त्यालाही ठाऊक असते, परंतु कारवाई झाली याचे समाधान मिळते आणि त्याचे बरेचसे अर्थकारण अशा समाधानावरच चालते.

तथापि त्याची मूळ अडचण हिशेबाची नसून कालगणनेची आहे, आणि ती फारशी कोणी लक्षात घेतलेली नाही. पगार इंग्रजी तारखेने येतो, खर्च मात्र तिथीने येतो. २०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली तेव्हा पगार नुकताच झालेला होता, म्हणून आरास, मोदक, पाहुणे सारे निभावले. २०२५ साली तीच चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे ऐन खडखडाटाच्या आठवड्यात आली. २०२३ साली तर श्रावणच अधिक होता, आणि अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे असते. ज्या तक्त्यात वर्षाचे महिने बाराच धरलेले असतात, त्यात तेराव्या महिन्याच्या जावयासाठी रकाना कोठून असणार?

गृहिणीचे अंदाजपत्रक या दोषापासून मुक्त असते, कारण ते १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’वर लिहिलेले असते, आणि त्याच्या एकाच चौकोनात तारीख, तिथी आणि दूधवाल्याचा खाडा या तिन्ही गोष्टी मावतात. ती जानेवारीतच पाने उलटून चतुर्थी पाहून ठेवते आणि भिशीत, म्हणजे दरमहा सर्वांनी सारखी वर्गणी काढून जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकीला देण्याच्या व्यवस्थेत, मैत्रिणींशी बोलून आपली पाळी ऑगस्टात लावून घेते. गणपतीच्या चार दिवस आधी ती रक्कम घरात येते, तेव्हा गृहस्थ ‘अनपेक्षित जमा’ असे नवे शीर्ष उघडून ती तेथे नोंदवतो, आणि आरतीला जमलेल्या शेजाऱ्यांना यंदाचा अंदाज रुपयापर्यंत बरोबर आल्याचे सांगतो.