पीठ आधीच करून ठेवलंय

1993 साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि आमच्या घरात परीक्षकांची भरती निघाली. प्रशांत दामले ‘आम्ही सारे खवय्ये’ घेऊन आले, तोवर मी त्या खात्यात बढती मिळवून सोफ्यावर स्थिरावलो होतो. कार्यक्रम कुठलाही असो, निवेदकाने घास तोंडात घातला की आई ओरडणार, “अरे, गिळ तरी, मग अप्रतिम म्हण!” बायकोचा आक्षेप पैठणीवर. फोडणी देताना एक शिंतोडा उडत नाही म्हणजे काय? माझी हरकत तात्त्विक: चार जिन्नसांच्या पदार्थासाठी एवढं बोलतात कशाला?

दिवाळीच्या तोंडावर एक बाई अनारसे दाखवत होत्या. “पीठ मी आधीच करून ठेवलंय,” म्हणत त्यांनी ओट्याखालून डबा काढला.

“हीच ती लबाडी!” मी म्हणालो. “तांदूळ, गूळ, तूप. यात आधी करून ठेवण्यासारखं आहे काय?”

हिने रिमोट खाली ठेवला. “मग यंदाचे अनारसे तुम्हीच करा.”

तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, हे मला आईकडून कळलं. पाणी बदलायचं मात्र राहून जाई. शेवटी असा वास सुटला, की शेजारच्या काकूंनी ड्रेनेज तुंबल्याची सोसायटीत तक्रार केली. तांदूळ उपसून पंचावर सावलीत पसरले, दमट असतानाच दळले, चाळले. गोडाला कशाला हात आखडता घ्यायचा, म्हणून गूळ सढळ हाताने घातला. पीठ मुरायलाही चार-पाच दिवस लागतात. मी दोन दिवसांतच डबा उघडला.

खसखशीवर थापलेला पहिला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, तुपात सोडला. सुंदर जाळी पडली. “बघा!” म्हणेपर्यंत भोकाला भोक मिळालं, कडा पसरत कढईभर झाल्या आणि खसखस तेवढी तरंगत राहिली.

“हसला गं बाई, अनारसा हसला!” दारातून आई. “पिठी लाव थोडी.”

पिठी उरली असती तर लावली असती. मी गॅस बारीक केला, मोठा केला, कढईला दोन शब्द सुनावले. दुसरा अनारसा पहिल्याहून मनमोकळा हसला.

लेकीने हे सगळं मोबाइलवर टिपून नातेवाइकांना पाठवलं. आत्याचा निरोप आला, “तूप तापलंच नव्हतं.” मोठ्या काकांचा, “फारच तापलं होतं.” मावशीने विचारलं, “हे शेवटी होणार काय आहे?” नाशिकच्या मामांनी तेवढा चांगुलपणा दाखवला:

“खसखस कुठून आणलीस? छान दिसतेय.”