जी आणि एच या जोडगोळीस खुले पत्र

जी आणि एच यांस,

हे पत्र मांजरसुंब्याच्या चौकातून लिहितो आहे. बीड, चौसाळा, पाटोदा आणि केज या चारही बाजूंचे रस्ते इथे मिळतात. पाटीवर ‘घाट’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला की त्याची सुरुवात तुमच्यापासून होते. पहिली-दुसरीतलं पोरगं अक्षरं जोडतं आणि बरोबर ‘घाट’ वाचतं. तुपाच्या डब्यावरचं ‘घी’ही बरोबर वाचतं. जी आणि एच मिळून घ होतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. हे शब्द इंग्रजीने आपल्याकडून उचलले, म्हणून त्यांत तुम्ही सरळ वागता.

मग ते पोरगं इंग्रजीच्या तासाला बसतं आणि तुम्ही त्याला तोंडघशी पाडता. ‘हायवे’च्या पोटात तुम्ही दोघे आहात, पण तुमचा आवाज नाही. लाइट, नाइट, राइट, हाइट, ट्रकच्या भाड्याचं ‘फ्रेट’, उसाच्या गाड्यांचं वजन होतं तो ‘वेब्रिज’, सगळीकडे जागा अडवून गप्प बसला आहात. पुढच्या पानावर रफ, टफ, इनफ आणि लाफमध्ये तुम्ही अचानक ‘फ’ होता. रफ वही आमच्या प्रत्येक पोराच्या दप्तरात असते, पण त्या शब्दाच्या शेवटी एफ नसून तुम्ही आहात, हे कळलं की ते गोंधळून बघतं. त्या नजरेपायी माझा तुमच्यावर राग आहे.

ओ आणि यू यांना सोबत घेतलंत की तुमच्या लबाडीला ताळतंत्र उरत नाही. ‘थ्रू’ म्हणजे आरपार, ‘दो’ म्हणजे जरी, ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक, ‘बाव’ म्हणजे झाडाची फांदी, ‘प्लाव’ म्हणजे नांगर, ‘ट्रॉफ’ म्हणजे गुरांची गव्हाण. सगळ्यांची शेवटची चार अक्षरं तीच आणि उच्चार चार तऱ्हांचे. ‘कॉफ’ म्हणजे खोकला, त्याला आमच्याकडे सर्रास ‘कफ’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानात कफ सिरपच मागतात. छातीतला कफ आम्हाला आधीच ठाऊक होता.

सगळ्यात वाईट वाटतं ते एका शब्दाचं. ‘बॉट’ म्हणजे विकत घेतलं, ‘ब्रॉट’ म्हणजे आणलं, ‘फॉट’ म्हणजे लढलं, ‘थॉट’ म्हणजे विचार. एवढे पाठ केलेलं पोरगं पुढचा शब्द ‘ड्रॉट’ असाच वाचणार. तो निघतो ‘ड्राऊट’, म्हणजे दुष्काळ! १९७२चा दुष्काळ आजीने सांगितलेला, २०१३ आणि २०१६चे टँकर आईबापांनी पाहिलेले. बीड जिल्ह्याच्या पोराला या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. तरी उच्चार चुकला म्हणून वर्ग हसतो आणि ते पोरगं पुढे हात वर करत नाही.

आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. ते असावंच, या मताचा मी आहे. पण दिवाळीच्या आगेमागे इथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि पोरं कोयत्याबरोबर फडावर जातात. परत येतात तोवर वर्ग कितीतरी धडे पुढे गेलेला असतो. ज्या भाषेत एक नियम शिकून दहा शब्द वाचता येतात, ती भाषा असं पोरगं भरून काढू शकतं. तुमच्यासारख्यांना शब्दागणिक पाठ करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा वेळ त्याच्याकडे नसतो.

तुमची जुनी कैफियत मला माहीत आहे. एके काळी तुम्हाला घशातून खरवडून निघणारा आवाज होता. जर्मन माणूस रात्रीला ‘नाख्ट’ आणि मुलीला ‘टोख्टर’ म्हणतो, तसा. संस्कृतातली ‘दुहिता’ आणि इंग्रजीतली ‘डॉटर’ एकाच मुळाच्या. नॉर्मन राजवटीतल्या लेखनिकांनी त्या आवाजासाठी तुमची जोडी लावली. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे छापील रूपं हळूहळू रुळत गेली. आवाज कुठे विरला, कुठे त्याचा फ झाला. अक्षरं मात्र जागची हलली नाहीत. ‘घोस्ट’मध्ये तुम्ही आलात ते फ्लेमिश वळणामुळे, गरज नसताना.

इंग्रजांनाही हे कळत होतं. इनफचा फ, विमेनमधल्या ओचा इ आणि नेशनमधल्या टी-आयचा श घेऊन ‘घोटी’ लिहायचं आणि ‘फिश’ वाचायचं, हा त्यांचा जुना विनोद. तो बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात, पण १८५५च्या एका पत्रात तो सापडतो आणि शॉ जन्मला १८५६ साली. इगतपुरीजवळच्या घोटीचं नाव आमचं पोरगं पहिल्या फटक्यात बरोबर वाचतं.

सुधारणा अशक्य नसते. आमच्या च आणि ज यांचेही दोन-दोन उच्चार आहेत, हे मान्य. पण १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने नियम केले आणि ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मराठीचं त्यात काही बिघडलं नाही. अमेरिकेने नांगराच्या शब्दातून तुम्हाला हाकललं. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत तीनशे शब्द सोपे करायला सांगितले. थ्रू आणि दो त्यांत होते. काँग्रेसने विरोध केला, हुकूम मागे घ्यावा लागला आणि तुम्ही वाचलात.

निदान ‘डिलाइट’ तरी सोडा. आनंदाचा हा शब्द जुन्या फ्रेंचमधून तुमच्याविना आला होता. सोळाव्या शतकात लाइटच्या नकलेने तुम्हाला त्यात घुसवलं. तिथे तुमचा मेलेला आवाजसुद्धा नाही.

तुम्ही हटेपर्यंत मी गुरुजींना आणि बाईंना सांगत राहणार. लाइट, नाइट, फाइट, टाइट हा एका चालीचा गट आधी घ्या, तिथे पोरं भराभर वाचतात. ओ-यूबरोबरचे शब्द एकेक करून, अर्थासकट घ्या. ‘ड्राऊट’ कुणी ‘ड्रॉट’ वाचला, तर वर्गाला हसू देऊ नका. पोराने शिकलेला नियम बरोबर लावला आहे, हे आधी मोठ्याने सांगा आणि मग उच्चार दुरुस्त करा.

मांजरसुंब्याचा एक रहिवासी